मुलाची ‘टेस्ट’ करायची आहे? आधी कशाची ते विचारा

‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा शिरतो तो स्कॉलरशिपच्या परीक्षेमुळे. शाळेत असताना होणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी यांच्या जोडीला हा विषय असतो. गटात न बसणारी आकृती शोधा, मालिकेतली पुढची संख्या लिहा, आरशातली प्रतिमा ओळखा. त्यात मार्क कमी पडले की बाप चारचौघांत बोलून मोकळा होतो, “आमच्या पोराला बुद्धीच नाही.” बाप दुसऱ्या दिवशी विसरतो. पोरगा विसरत नाही.

पुढे ही ‘टेस्ट’ निरनिराळ्या वेषात भेटत राहते. शाळा म्हणते, मुलाचा आयक्यू काढून आणा. दहावीच्या मुलाला कोणी कल चाचणी द्यायला सांगते. रेल्वेच्या भरतीत सायको टेस्ट असते, सैन्याच्या निवडीत मानसशास्त्रज्ञ असतो, जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी चाचणी होते. नाव एकच, पण प्रत्येकीचे काम वेगळे. थर्मामीटरने कोणी वजन करीत नाही. इथे मात्र सर्रास तसे चालते, आणि त्याचा भुर्दंड भरतो तो कमी शिकलेला पालक. म्हणून या चाचण्यांची जरा ओळख करून घेऊ.

पहिली गोष्ट, चाचणी शास्त्रीय आहे हे ओळखावे कशावरून? रेशन दुकानातल्या काट्याचे उदाहरण घ्या. तोच तांदूळ दोनदा ठेवला तर दोन्ही वेळा वजन सारखे भरले पाहिजे. याला विश्वसनीयता म्हणतात. काट्याने वजनच मोजले पाहिजे, तांदळाची प्रत नव्हे. ही झाली यथार्थता. आणि काट्यावरची मापे इथल्या किलो-ग्रॅमची हवीत. चाचणीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, ती आधी आपल्यासारख्याच शेकडो मुलांना देऊन या वयाचे, या भाषेचे मूल साधारण किती गुण मिळवते हे ठरवलेले असावे. त्या आकड्यांशी आपल्या मुलाची तुलना होते. लंडनच्या मुलांवर ठरवलेले आकडे घोटीच्या मुलाला लावले तर काटाच खोटा. ही तिसरी अट सगळ्यात जास्त मोडली जाते.

बुद्धी मोजण्याचा खटाटोप सुरू झाला तो फ्रान्समध्ये. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पॅरिसमध्ये पहिली उपयोगी चाचणी तयार केली. वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले शोधून काढणे एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी हा जन्मभर न बदलणारा आकडा आहे, ही समजूत बिनेला मान्य नव्हती. अभ्यासाने, सरावाने ती वाढते असे तो सांगत असे. पण चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा सूर बदलला. १९१७ पासून पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याने सतरा लाखांहून अधिक जवानांची परीक्षा घेतली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’, न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’. अल्फातल्या काही प्रश्नांत अमेरिकेच्या दुकानांत मिळणाऱ्या वस्तू आणि तिथले बेसबॉल खेळाडू विचारले होते. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? तरी कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली या आकड्यांवरून पुस्तक लिहून निग्रो आणि दक्षिण-पूर्व युरोपातले लोक बुद्धीने कमी असल्याचा निष्कर्ष काढला. १९३० साली त्याने स्वतःच तो मागे घेतला. पण सात वर्षांत जे पसरायचे ते पसरले होते.

हा इतिहास आपल्याला परका नाही. बुद्धी आणि शौर्य जन्मावर ठरते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली ती कोणतीही चाचणी घेऊन नव्हे, तर ‘लढाऊ जमाती’ची यादी करून. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि त्या यादीचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. म्हणून चाचणी या गोष्टीकडे आपण संशयाने पाहतो, ते बरोबरच आहे. मात्र एक ध्यानात घ्यावे. नीट बनवलेली, नीट घेतलेली चाचणी ही जातीच्या आणि वशिल्याच्या यादीपेक्षा कधीही बरी, कारण तिला प्रश्न विचारता येतो. कॅलिफोर्नियात निग्रो मुलांना आयक्यूच्या आकड्यावरून मतिमंदांच्या वर्गात बसवत होते. पालक कोर्टात गेले आणि १९७९ साली न्यायालयाने त्या कामासाठी या चाचण्या वापरायला बंदी घातली.

आपल्याकडे ही चाचणी कशी आली तेही पाहण्यासारखे आहे. १९२२ मध्ये लाहोरला सी. एच. राइस यांनी बिनेची हिंदुस्थानी आवृत्ती केली. त्यानंतर १९३०च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ती नव्याने बसवली. परदेशी वस्तू, परदेशी नाणी दाखवून इथल्या पोराची बुद्धी मोजता येत नाही, हे त्यांनी ओळखले. ‘बिने-कामत’ म्हणून ही चाचणी आजही दवाखान्यांतून वापरतात. १९५५ साली सी. एम. भाटिया यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या चाचणीत शब्दांचे काम जवळजवळ नाहीच. रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवायची, आकृती काढायची, चित्राचे तुकडे जोडायचे. उत्तर प्रदेशात त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर निरक्षर मुलांचीही परीक्षा घेऊन दोघांसाठी वेगवेगळे आकडे ठरवले. शाळा न मिळालेल्या मुलाला शाळेच्या मापाने मोजू नये, ही साधी माणुसकी त्यात आहे. आणि १९६९ साली डॉ. आर्थर मॅलिन यांनी आपल्या नागपुरात वेक्स्लरच्या चाचणीची भारतीय आवृत्ती केली. त्यात शब्दांचा भाग वेगळा आणि हातांनी करायचा भाग वेगळा असतो.

हा फरक पालकांच्या फार उपयोगाचा आहे. झोपडपट्टीतून इंग्रजी शाळेत गेलेले मूल शब्दांच्या भागात मागे आणि ठोकळ्यांच्या भागात पुढे असेल, तर कमी पडते आहे ती भाषा, बुद्धी नव्हे. म्हणून रिपोर्टात नुसता एक आकडा असेल तर थांबा, दोन्ही भागांचे गुण वेगळे मागा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली तेही विचारा. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात आणि दर तीन मुलांपैकी साधारण दोन मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात. तेव्हा शेजारणीच्या मुलाचा १०८ आणि आपल्याचा ९८ म्हणून घरात दुखवटा पाळण्याचे कारण नाही. दहा गुण तर झोप न झाल्याने, पोटात काही नसल्याने, समोरच्या मॅडमची भीती वाटल्यानेही इकडेतिकडे होतात. शिवाय न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत पिढीगणिक सरासरी बुद्ध्यांक वाढत गेला, दर दहा वर्षांत सुमारे तीन गुणांनी. एवढ्या काळात रक्त बदलत नाही. बदलतात त्या शाळा, अन्न आणि घर.

एकेकट्या मुलाला समोर बसवून घेतलेली चाचणी आणि हॉलमध्ये शंभर जणांची मिळून घेतलेली चाचणी, हाही एक फरक आहे. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेतली मानसिक क्षमता चाचणी ही दुसऱ्या प्रकारची. चाळीस प्रश्न, पन्नास गुण, आणि सगळे आकृत्यांचे. शंभर गुणांच्या पेपरातले निम्मे गुण इथे आहेत. शब्द नसल्याने मराठी शाळेतले मूल इथे मागे राहण्याचे कारण नाही, फक्त त्या आकृत्या त्याने आधी पाहिलेल्या हव्यात. पाचवीत असतानाच फॉर्म भरावा लागतो, आणि आपल्या वस्त्यांत तोच राहून जातो.

आले किती आणि येईल किती

शाळेने शिकवलेले किती आले हे मोजते ती संपादन चाचणी. शिकवले तर किती येईल याचा अंदाज घेते ती क्षमता चाचणी. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत हे दोन्ही पेपर शेजारी शेजारी असतात. बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुणांची, शालेय क्षमता चाचणी ९० गुणांची. पहिल्यात तर्काचे प्रश्न, दुसऱ्यात विज्ञान, समाजशास्त्र, गणित. सरकारी, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये मिळतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आदल्या दिवशी धावपळ करू नये, एवढे एक कारकून म्हणून सांगतो.

या दोन चाचण्यांतली तफावत हीच कधी कधी मोठी बातमी असते. बुद्धीच्या चाचणीत मूल सर्वसाधारण आहे आणि वाचन, लेखन किंवा गणितात मात्र दोन-तीन इयत्ता मागे आहे, असे दिसले तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटातला ईशान तो हाच. महाराष्ट्र सरकारने अशा विद्यार्थ्यांना १९९६ पासून बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती द्यायला सुरुवात केली. पण या सवलती घेणारी मुले पाहिली तर बहुतेक इंग्रजी माध्यमाची, खाऊनपिऊन सुखी घरची. आपल्या पोराला ‘ढ’ म्हणतात आणि त्यांच्या पोराला ‘डिस्लेक्सिया’. मराठीतून तपासण्याचे साधन फार दिवस नव्हते, हेही त्यामागे होते. २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणी-संच काढला, त्यात हिंदी, कानडी, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. शाळेतल्या बाईंना हे नाव सांगा.

जन्मतः मंदबुद्धी असलेल्या मुलाची गोष्ट निराळी. २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ते ठरवताना बुद्धीच्या चाचणीइतकेच महत्त्व सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीला असते. तिची भारतीय आवृत्तीही मॅलिन यांनीच नागपुरात केली, त्यात ८९ बाबी आहेत. मूल स्वतः जेवते का, बटणे लावते का, एकटे दुकानात जाते का, पैसे मोजते का. ही चाचणी मुलाला नव्हे, आईला प्रश्न विचारून होते. आणि इथे आमच्या आयाबहिणी लाजेपोटी घोटाळा करतात. परक्या माणसासमोर लेकराचे कमीपण कसे सांगायचे म्हणून “सगळं करतो हो आमचा” असे सांगून येतात. मग टक्के कमी पडतात आणि प्रमाणपत्र हातचे जाते. जे आहे ते सांगावे. वाढवूनही सांगू नये, लपवूनही नाही. युडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरून मग तपासणीला जायचे असते.

आवड वेगळी, कुवत वेगळी

महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सरकारने घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे आहे हे त्यात कळे. पुढे त्याला अभिक्षमता चाचणीची जोड दिली गेली. बऱ्याच घरांत कल म्हणजेच कुवत असा समज झाला. कल चाचणीत चूक-बरोबर नसते. तुम्हाला काय आवडेल, एवढेच ती विचारते. अभिक्षमता चाचणी, तुम्हाला ते जमण्याचा संभव किती, हे पाहते. आवडते ते जमेलच असे नाही, आणि जमते ते आवडेलच असेही नाही.

माझे स्वतःचे मत असे की, आवडीच्या चाचणीवर आपल्या मुलांनी फार विसंबू नये. मुलाला आवडते ते त्याने पाहिलेले असते. ज्या गल्लीत बापाची कंपनी, मामाची नोटप्रेस, काकाची रिक्षा आणि समोरचा पोलीस एवढेच दिसते, त्या गल्लीतल्या पोराला वास्तुशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ किंवा हवामानतज्ज्ञ व्हायची आवड कुठून येणार? चाचणीत ‘गणवेशधारी सेवा’ आली म्हणजे बुद्धी तेवढीच असा अर्थ नव्हे. त्याला आणखी चार कामे दाखवा आणि मग विचारा.

अभिक्षमता चाचणीचे रोखठोक उदाहरण म्हणजे रेल्वे. इगतपुरी, मनमाड, भुसावळकडच्या आपल्या कितीतरी घरांत रेल्वेची नोकरी आहे आणि पोरे असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरतात. लेखी परीक्षेनंतर संगणकावर पाच छोट्या चाचण्या होतात. स्मरण, सूचना पाळणे, खोली-अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान ४२ टी-स्कोअर हवा. चारांत साठ आणि एकीत चाळीस, तर नापास. या अटीत कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही, हे ठाऊक नसल्याने बरीच मुले गाफील राहतात. पास झालात तर अंतिम यादीत या चाचणीला ३० टक्के वजन आहे. दुसरी अडचण भाषेची. लेखी परीक्षा मराठीतून देता येते, ही चाचणी फक्त हिंदी आणि इंग्रजीत. तिसरी कागदाची. ठरवलेल्या नमुन्यातले डोळ्यांचे मूळ प्रमाणपत्र नसेल तर त्या दिवशी आत घेत नाहीत. लखनौच्या आरडीएसओने या चाचण्यांचे नमुने इंटरनेटवर ठेवले आहेत, ते फुकट आहेत.

बोटांच्या ठशांवरून मुलाचे भवितव्य सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’चाही इथेच समाचार घेतला पाहिजे. सातपूरच्या कंपनीत हेल्पर असलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने एका खासगी क्लासच्या नादी लागून मुलाचे दहा बोटांचे ठसे दिले आणि पगाराचा मोठा हिस्सा घालवून रंगीत रिपोर्ट आणला. मेंदूचा कोणता भाग किती टक्के, कोणती शाखा घ्यावी, सगळे छापलेले. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. मग मूल शिकले, न शिकले, रिपोर्ट तोच येणार! भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रकाराला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. हात पाहणाऱ्या ज्योतिषाला आपण दारातून परत पाठवतो. हा नुसता स्कॅनर घेऊन आला म्हणून त्याला खुर्ची का द्यावी?

स्वभावाची परीक्षा

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत तर पास-नापासच नसते. त्या दोन तऱ्हेच्या. एकीत सरळ प्रश्न असतात. ‘गर्दीत तुम्हाला अवघडल्यासारखे होते का?’ हो किंवा नाही. हुशार माणूस हवे ते उत्तर देऊ शकतो, म्हणून अशा प्रश्नावल्यांत खोटे पकडणारे प्रश्नही पेरलेले असतात. दुसऱ्या तऱ्हेत अर्धवट काहीतरी समोर ठेवून माणसालाच बोलते करतात. स्वित्झर्लंडच्या हर्मन रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईचे दहा डाग काढले, ते आजही मनोविकार विभागात वापरतात. १९३५ मध्ये हार्वर्डला मरे आणि मॉर्गन यांनी चित्रांवरून गोष्ट सांगण्याची चाचणी केली. या चाचण्यांवर शास्त्रज्ञांतच वाद आहेत, आणि त्या घेणारा तयारीचा नसेल तर त्यांना काही अर्थ राहत नाही. दवाखान्यात अशी चाचणी सांगितली तर घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, एवढे जरूर विचारावे. नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान कसला? मोबाइलवर नऊ प्रश्नांची ‘डिप्रेशन टेस्ट’ फिरते, ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. खरोखर मन खचले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येते.

चित्रांवरून गोष्टीची ती चाचणी आपल्या पोरांना भेटते ती सैन्याच्या अधिकारी-निवडीत, म्हणजे एसएसबीत. निवड पाच दिवस चालते. एका दिवशी मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या होतात. बारा चित्रे, त्यांतले शेवटचे कोरे. चित्र अर्धा मिनिट दिसते आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात आलेले वाक्य लिहायचे. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. शेवटी आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याविषयी काय म्हणतात आणि तुम्ही स्वतः काय म्हणता, हे पंधरा मिनिटांत. क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टी इथे उघड्या पडतात, कारण मानसशास्त्रज्ञ जे वाचतो तेच दुसरा अधिकारी मैदानावर आणि तिसरा मुलाखतीत पाहत असतो. कष्टकरी घरातल्या मुलाकडे खरे प्रसंग भरपूर असतात. बाप आजारी असताना घर चालवले, वस्तीतल्या पाण्यासाठी पालिकेत खेटे घातले. तेच लिहावे. आपले जगणे गरिबीचे म्हणून ते लपवून पुस्तकी शूरपणा लिहिणारी मुले मी पाहिली आहेत.

या तयारीसाठी लांब जायला नको. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सीडीएस आणि एसएसबीचे प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत मिळते. त्याची जाहिरात निघाली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी लागते, वडील फौजेत असण्याची अट नाही. मुलींसाठी २०२३ पासून नाशिकमध्येच सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली आहे. तिथे दहावीनंतर प्रवेश असल्याने नववी-दहावीतल्या मुलींच्या पालकांनी आत्तापासून कागदपत्रांची फाइल लावून ठेवावी.